मज्जारज्जूला इजा झाल्यावर मूत्राशय कसं सांभाळायचं: नवख्यांसाठी टप्प्याटप्प्याने

मज्जारज्जूला इजा झाली की सगळ्यांचं लक्ष पायांकडे असतं. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, ‘पाय हलतात का?’ लघवीचं काय, हे कुणी विचारत नाही आणि संकोचापोटी आपणही सांगत नाही. पण दुसऱ्या महायुद्धापर्यंत अशा इजेतून वाचलेली बरीच माणसं पुढे दगावायची ती लघवीच्या जंतुसंसर्गाने आणि मूत्रपिंडं निकामी होऊन. आज ते टाळता येतं, आणि त्यासाठी लागणारी बरीचशी शिस्त आपल्याच हातात असते.

मी व्हीलचेअर वापरते आणि नळी घालूनच लघवी काढते. सुरुवातीला मिळालेली माहिती तुकड्यातुकड्यांत होती: एक गोष्ट नर्सने सांगितलेली, दुसरी शेजारच्या खाटेवरच्या पेशंटने, तिसरी कुठल्याशा कागदावर छापलेली. ते तुकडे मी इथे क्रमाने लावले आहेत. औषध, मात्रा आणि पद्धत तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायची. त्यांच्यासमोर बसल्यावर नेमकं काय विचारायचं, हे या लेखातून कळावं.

१. बिघाड कुठला, ते समजून घ्या

मूत्राशयाला दोनच कामं असतात: लघवी साठवायची आणि वेळ आली की रिकामं व्हायचं. साठवताना मूत्राशयाचा स्नायू सैल राहतो आणि त्याच्या तोंडाशी असलेला स्फिंक्टर, म्हणजे दार बंद ठेवणारा गोल स्नायू, आवळलेला असतो. लघवी करताना बरोबर उलट घडतं. ही वेळ जुळवण्याचं काम मेंदूच्या बुंध्यातलं एक केंद्र करतं. त्याचा निरोप मज्जारज्जूतून खालच्या टोकापर्यंत येतो आणि तिथून एस-२ ते एस-४ या (मज्जारज्जूच्या अगदी खालच्या, त्रिकास्थीच्या भागातल्या) नसांमार्फत मूत्राशयाला पोचतो. मज्जारज्जू पाठीच्या कण्याइतका लांब नसतो. तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्यामुळे नुसता मोडलेल्या मणक्याचा नंबर ऐकून मूत्राशय कसं वागेल हे सांगता येत नाही.

ढोबळमानाने तीन अवस्था दिसतात.

पहिली म्हणजे इजेनंतर लगेचची. तिला स्पायनल शॉक म्हणतात. इजेच्या खालचे सगळे प्रतिक्षेप थंडावतात, मूत्राशय भरत राहतं आणि आपणहून रिकामं होत नाही. ही अवस्था काही आठवडे टिकते, कधीकधी काही महिनेही.

त्यानंतर, इजा एस-२ च्या वर असेल, म्हणजे मान, छाती किंवा पाठीच्या पातळीवर, तर मूत्राशय थोडं भरलं तरी आपल्या मनाने आकुंचन पावू लागतं. त्रास एवढ्यावर थांबत नाही. मेंदूचा निरोप तुटल्यामुळे मूत्राशय आवळतं त्याच वेळी स्फिंक्टरही आवळतो. एकाच दाराला दोघं दोन्ही बाजूंनी रेटत असावेत, तशी ही गत. थोडी लघवी गळते, बरीचशी आत राहते आणि आतला दाब चढतो. या प्रकाराला डिट्रुसर-स्फिंक्टर डिससिनर्जिया म्हणतात. रिपोर्टवर हे शब्द दिसले तर त्यांच्याखाली रेघ मारून ठेवा.

इजा एस-२ ते एस-४ च्या केंद्रालाच किंवा तिथून निघणाऱ्या नसांच्या जुडग्याला झाली असेल, तर मूत्राशय ढिलं पडतं. ते भरतच जातं आणि शेवटी थेंबथेंब ओसंडतं. खोकताना किंवा खुर्चीवरून पलंगावर सरकताना गळतंही.

इजा अर्धवट असेल तर या सगळ्याची सरमिसळ होते. म्हणून दुसऱ्या पेशंटचा मणका तोच असला, तरी त्याची पद्धत जशीच्या तशी उचलू नका.

२. कोरडं राहण्याच्या आधी दाबाचा विचार करा

नव्या माणसाला (मलाही, अर्थात) फक्त एक गोष्ट हवी असते: कपडे ओले होऊ नयेत. ते साहजिकच आहे. पण गळती दिसते आणि दाब दिसत नाही, आणि मूत्रपिंडांची हानी होते ती दाबाने. मूत्राशयात सतत चढा दाब राहिला, तर लघवी मूत्रवाहिनीतून वर मूत्रपिंडांकडे ढकलली जाते किंवा वरून खाली उतरायलाच अडते. मूत्रपिंडं फुगतात आणि हळूहळू झिजतात. यात दुखत नाही, कारण दुखण्याची जाणीव आधीच गेलेली असते. पाण्याच्या ४० सेंटिमीटर उंचीइतका दाब ही डॉक्टरांची जुनी धोक्याची खूण आहे. त्याहून जास्त दाबाला लघवी गळत असेल, तर मूत्रपिंडांना धोका वाढतो.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी मूत्रपिंडं, मग जंतुसंसर्ग, मग कोरडेपणा, आणि त्यानंतर सोय. चांगल्या पद्धतीत चारही साधतात. पण दोघांत निवड करायची वेळ आली, तर क्रम विसरू नका.

इथेच पहिला सापळा आहे. काही आठवड्यांनी अचानक लघवी गळायला लागते आणि घरात आनंद होतो, ‘मूत्राशय जागं झालं!’ कधीकधी ते खरंही असतं. पण पुष्कळदा ती दाब वाढल्याची पहिली खूण असते. गळती सुरू झाली की नळी बंद करू नका. डॉक्टरांना कळवा.

३. पहिले काही आठवडे: आत ठेवलेली नळी

रुग्णालयात सुरुवातीला फोली कॅथेटर घालतात. तिच्या टोकाला पाण्याने फुगवलेला छोटा फुगा असतो. तो मूत्राशयात अडकून राहतो आणि लघवी सतत पिशवीत येत राहते. सलाइन चालू असतं, लघवी किती होते याचा हिशेब ठेवायचा असतो, त्यामुळे या काळात हीच पद्धत योग्य असते.

घरच्यांनी लक्षात ठेवायच्या गोष्टी थोड्याच आहेत. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली असावी. पेशंटला उचलताना ती त्याच्या पोटावर ठेवायची सवय सगळ्यांनाच लागते, ती मोडा. नळी पायाखाली किंवा खाटेच्या कठड्यात दबलेली नाही ना, ते दर वेळी कूस बदलताना पाहा. नळी मांडीला किंवा ओटीपोटाला चिकटपट्टीने नीट बांधा. ती लोंबकळत राहिली तर मूत्रमार्गाला जखम होते, आणि जाणीव नसल्यामुळे पेशंटला ती कळत नाही. पिशवी अर्ध्याहून जास्त भरली की रिकामी करा. नळी आणि पिशवीचा जोड उगाच उघडू नका.

‘मूत्राशयाला व्यायाम’ म्हणून फोलीला चिमटा लावून ठेवायची प्रथा अजून काही ठिकाणी दिसते. मज्जारज्जूच्या इजेत तिचा फायदा नाही, धोका मात्र आहे. कुणी सुचवलं तर कारण विचारा.

४. घरी जाण्याआधी एवढे कागद हातात घ्या

डिस्चार्जच्या गडबडीत हे राहून जातं आणि पुढच्या प्रत्येक डॉक्टरकडे नन्नाचा पाढा सुरू होतो. एक फाइल करा. तिच्यात हवं ते असं:

- डिस्चार्ज समरी: इजेची पातळी, इजा पूर्ण की अपूर्ण, शस्त्रक्रियेत बसवलेल्या स्क्रू-पट्ट्यांचा तपशील
- मूत्रपिंड आणि मूत्राशयाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट
- क्रिएटिनिन (मूत्रपिंडं कशी चालतात ते सांगणारी रक्ततपासणी) आणि इतर रक्ततपासण्या
- युरिन कल्चर (लघवीत कुठले जंतू वाढतात ती तपासणी) झालं असेल तर त्याचा रिपोर्ट आणि कुठलं अँटिबायोटिक दिलं त्याची नोंद
- नळीचा प्रकार, जाडीचा नंबर, शेवटची कधी बदलली ती तारीख
- चालू औषधांची यादी आणि कशाची अ‍ॅलर्जी आहे ते. लेटेक्सची असेल तर ठळक लिहा, कारण मग सिलिकॉनसारख्या लेटेक्स नसलेल्याच नळ्या आणि हातमोजे लागतात.

पुढची मोठी तपासणी म्हणजे युरोडायनॅमिक्स. स्पायनल शॉक ओसरल्यावर, साधारण इजेनंतर तीनेक महिन्यांनी, ती करतात. एक बारीक नळी मूत्राशयात आणि दुसरी गुदमार्गात ठेवून मूत्राशय हळूहळू पाण्याने भरतात आणि दाब मोजतात. ऐकायला भयंकर वाटते, प्रत्यक्षात कंटाळवाणी असते. मूत्राशय किती भरल्यावर दाब चढतो, किती दाबाला गळतं आणि स्फिंक्टर साथ देतो की नाही, हे तिच्याशिवाय कळत नाही. सोनोग्राफी चांगली आली म्हणून ही टाळू नका. सोनोग्राफीत दिसते झालेली हानी. युरोडायनॅमिक्समध्ये होऊ घातलेली हानी दिसते. जंतुसंसर्ग असेल तर आधी तो बरा करावा लागतो. इजा टी-६ (मज्जारज्जूची छातीतली सहावी पातळी) किंवा त्याच्या वर असेल, तर तपासणीच्या टेबलावर बसण्याआधीच तसं सांगा. कारण दहाव्या टप्प्यात आहे.

५. पद्धत निवडा

बहुतेकांसाठी पहिली पसंती म्हणजे ठरावीक वेळाने नळी घालायची, लघवी काढायची आणि नळी बाहेर काढून टाकायची. हिला क्लीन इंटरमिटंट कॅथेटरायझेशन म्हणतात. तोंडात बसलेलं नाव सीआयसी. इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात लुडविग गुटमन यांनी निर्जंतुक पद्धतीने अशी नळी घालण्याचा पायंडा पाडला. मग १९७२ साली अमेरिकेतले युरोलॉजिस्ट जॅक लॅपिडेस यांनी दाखवलं की घरी निर्जंतुक वातावरण नसलं तरी चालतं. हात स्वच्छ हवेत आणि मूत्राशय कधीही तुडुंब भरू द्यायचं नाही. ताणलेल्या भिंतीला रक्तपुरवठा कमी पडतो आणि जंतूंना फावतं, असं त्यांचं म्हणणं होतं. तुम्ही-आम्ही रुग्णालयाबाहेर जगू शकतो, ते बरंचसं या शोधामुळे.

सीआयसीला हाताची पकड लागते. मानेच्या खालच्या पातळीवर इजा असलेले काही जण मनगटाच्या हालचालीवर आणि साध्या उपकरणांच्या मदतीने ते जमवतात. हे ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून शिका. हात अजिबात चालत नसतील तर मदतनीस दिवसातून चार-पाच वेळा, वेळेवर, वर्षानुवर्षं उपलब्ध आहे का, हा प्रश्न प्रामाणिकपणे सोडवा. उत्तर ‘नाही’ असेल तर कायमची नळी हा पर्याय कमीपणाचा नाही.

कायमची नळी मूत्रमार्गातून घालण्यापेक्षा ओटीपोटात छोटं छिद्र पाडून थेट मूत्राशयात घालणं पुष्कळांना सोयीचं पडतं. तिला सुप्राप्युबिक म्हणतात. मूत्रमार्ग सोलवटत नाही, बसल्या जागी बदलता येते, लैंगिक संबंधात अडथळा येत नाही. नळी कुठलीही असो, आत कायम राहिली की जंतुसंसर्ग आणि मुतखड्यांचं प्रमाण वाढतं, आणि बऱ्याच वर्षांनी मूत्राशयाच्या कर्करोगाचा धोकाही थोडा वाढतो. म्हणून ती वेळच्या वेळी, साधारण तीन ते चार आठवड्यांनी किंवा डॉक्टर सांगतील तशी बदलायची आणि मूत्राशयाची तपासणी सोडायची नाही.

पुरुषांना कंडोम कॅथेटर सर्वांत सोपं वाटतं. बाहेरून चढवलं की झालं. पण ते फक्त गळलेली लघवी गोळा करतं, आत उरलेलीचं काहीच करत नाही. मूत्राशय कमी दाबाला नीट रिकामं होतं, हे तपासणीत दिसलं असेल तरच ते पुरेसं असतं. घट्ट बांधू नका, रोज काढून त्वचा पाहा.

ओटीपोट दाबून किंवा कुंथून लघवी काढणं, त्यावर थापट्या मारून मूत्राशयाला चेतवणं, या जुन्या युक्त्या अजून ऐकायला मिळतात. एकेकाळी त्या सर्रास शिकवत. आवळलेल्या स्फिंक्टरविरुद्ध जोर लावला की दाब वाढतो. युरोडायनॅमिक्स झाल्याशिवाय यांच्या वाटेला जाऊ नका.

६. सीआयसी: साहित्य आणि कृती

साहित्य:

- नळ्या. मोठ्यांना बहुधा १२ किंवा १४ फ्रेंच जाडीच्या लागतात. फ्रेंच हे माप म्हणजे मिलिमीटरचा एक तृतीयांश. पुरुषांसाठी सुमारे ४० सेंटिमीटर लांबीची, स्त्रियांसाठी आखूडही चालते.
- पाण्यात विरघळणारी जेली. तेल किंवा व्हॅसलिन वापरू नका. वरून ओलसर लेप असलेली नळी असेल तर जेली लागत नाही.
- साबण-पाणी, नाहीतर ओले पुसणे
- मापाच्या खुणा असलेलं भांडं
- स्त्रियांसाठी छोटा आरसा
- कचऱ्यासाठी पिशवी

कृती:

हात साबणाने धुवा. हातमोजे असले तरी धुवा. सगळं साहित्य हाताच्या अंतरावर मांडा, मगच सुरुवात करा.

बसून जमत असेल तर उत्तम, नाहीतर अर्धवट रेलून. जागा स्वच्छ करा. स्त्रियांनी पुढून मागे पुसावं. पुरुषांनी शिश्नावरची त्वचा मागे सारून पुसावं आणि सगळं झाल्यावर ती आठवणीने पुन्हा पुढे आणावी. ती मागेच राहिली तर टोक सुजतं, आणि जाणीव नसेल तर फार उशिरा लक्षात येतं.

नळीला जेली लावा. पुरुषांनी शिश्न पोटाच्या दिशेने वर उचलून, थोडं ताणून धरावं म्हणजे मूत्रमार्गाचं वळण सरळ होतं. नळी सावकाश आत सरकवा. साधारण १५ ते २० सेंटिमीटर आत गेल्यावर लघवी येते. स्फिंक्टरपाशी अडलं तर जोर लावू नका. थांबा, दीर्घ श्वास घ्या, हलका स्थिर दाब ठेवा. आकडी सुटली की नळी आपोआप पुढे जाते. दर वेळी अडत असेल तर टोकाला किंचित बाक असलेली नळी मिळते, तिच्याबद्दल विचारा.

स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर, पण त्याचं तोंड शोधणं हीच परीक्षा. सुरुवातीला आरसा हवाच. पुढे बोटाच्या अंदाजाने जमतं, अगदी अंधारातही. नळी चुकून योनीत गेली आणि लघवी आली नाही, तर ती तिथेच राहू द्या. ती खूण म्हणून उपयोगी पडते. दुसरी नवी नळी घेऊन तिच्या वरच्या बाजूला घाला. योनीत गेलेली नळी पुन्हा मूत्रमार्गात घालू नका.

लघवी सुरू झाली की नळी आणखी दोन सेंटिमीटर आत सारा आणि धार थांबेपर्यंत धरा. मग अगदी हळू बाहेर काढा. मध्ये पुन्हा धार आली तर थांबा, कारण तळाशी साठलेली लघवी शेवटी येते. ही घाई सगळे करतात, आणि उरलेल्या लघवीतच जंतू वाढतात. माप वाचा, लिहा, हात धुवा.

नळी दर वेळी नवी घ्यावी, हे उत्तम. लेप असलेल्या नळ्या तर एकदाच वापरायच्या असतात. परवडत नाही म्हणून बरेच जण साधी नळी धुऊन वापरतात. तुमच्यावर ती वेळ असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. ती कशी स्वच्छ करायची आणि किती दिवस वापरायची, हे त्यांच्याकडून लिहून घ्या. साबण-पाण्याने आतून-बाहेरून धुणं आणि पूर्ण कोरडी करून झाकून ठेवणं, एवढं तरी झालंच पाहिजे. कडक झालेली, रंग बदललेली, चरे पडलेली नळी टाकून द्या. दुसऱ्याची नळी कधीही नाही.

पहिले काही दिवस नळीला किंचित रक्त लागलं तर घाबरू नका. रक्त वाहत असेल, गाठी येत असतील किंवा रोजच लागत असेल तर दाखवा.

७. वही ठेवा

सीआयसीचं खरं शिक्षण या वहीतून होतं. चार रकाने पुरतात: वेळ, किती प्यायलं, किती लघवी निघाली, मध्ये गळलं का. सुरुवात बहुधा दर चार तासांनी करतात आणि दिवसाला चार ते सहा वेळा नळी घालावी लागते. एका वेळी निघणारी लघवी ५०० मिलिलिटरच्या आत राहिली पाहिजे, ४०० च्या आत राहिली तर अधिक चांगलं. सतत जास्त येत असेल तर वेळांमधलं अंतर कमी करा. पुढे अंतर वाढवायचं झालं तरी जागेपणी सहा तासांच्या पलीकडे नेऊ नका.

पाणी दिवसभरात दीड ते दोन लिटर, थोडं थोडं विभागून. (कायमची नळी असेल तर साधारण याहून जास्त प्यायला सांगतात. हृदयाचा किंवा मूत्रपिंडांचा आजार असेल तर डॉक्टर सांगतील तितकंच.) बाहेर जायचं म्हणून सकाळपासून पाणीच प्यायचं नाही, हा आपल्या जमातीचा आवडता उपाय. त्याने लघवी घट्ट होते, खडे आणि जंतुसंसर्ग वाढतात आणि बद्धकोष्ठता येते. भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं, आणि ज्या गळतीला घाबरून पाणी सोडलं ती उलट वाढते. शौचाचं वेळापत्रक बिघडलं की लघवीचंही बिघडतं, हे गृहीत धरून चाला.

रात्री लघवी जास्त येते, याचं कोडं पुष्कळांना पडतं. दिवसभर खुर्चीत बसल्याने पायांत पाणी साठतं. आडवं झालं की ते रक्तात परततं आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात. संध्याकाळी तासभर पाय वर घेऊन पडा, मग नळी घाला, मग झोपा. रात्रीनंतरचं पहिलं माप तरीही ५०० च्या वर जात असेल, तर रात्रीत एकदा उठायला गजर लावावा लागेल. काहींना फक्त रात्रीपुरती आत राहणारी नळी सुचवतात.

८. औषधं आणि त्यापुढचे उपाय

नळी वेळेवर घालूनही मध्येच गळत असेल किंवा दाब चढा असेल, तर मूत्राशय शांत करणारी औषधं देतात: ऑक्सिब्युटिनिन, टोल्टेरोडिन, सोलिफेनॅसिन वगैरे. तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठता होते, कधी नजर धूसर होते. वृद्धांना विसराळूपणा किंवा गोंधळ होऊ शकतो. मिराबेग्रॉन वेगळ्या मार्गाने काम करतं आणि तोंड तितकं सुकवत नाही, पण रक्तदाबावर लक्ष ठेवावं लागतं. गळती थांबली म्हणून गोळी बंद करू नका. ती दाबासाठीही असते.

गोळ्यांनी भागलं नाही तर मूत्राशयाच्या स्नायूत बोटुलिनम टॉक्सिनची इंजेक्शनं दुर्बिणीतून देतात. या आजारात नेहमीची मात्रा २०० युनिट. परिणाम काही महिने, बहुधा सहा ते नऊ, टिकतो आणि मग पुन्हा द्यावी लागतात. त्यानंतर नळी घालावी लागेल, अशी तयारी हवी. आतड्याचा तुकडा जोडून मूत्राशय मोठं करणं, अपेंडिक्स वापरून बेंबीपाशी नळी घालायला वाट करणं, स्फिंक्टर कापणं, अशा शस्त्रक्रिया त्याच्या पुढच्या. बेंबीची वाट मला फार कामाची वाटते, विशेषतः ज्या स्त्रियांना दर वेळी खुर्चीतून उठून कपडे उतरवावे लागतात त्यांच्यासाठी. पण हे निर्णय सावकाश घ्यायचे असतात.

९. जंतू दिसले म्हणजे आजार झाला, असं नाही

नळी वापरणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत कधी ना कधी जंतू सापडतात. नुसते जंतू सापडले, लक्षणं काहीच नाहीत, तर सहसा अँटिबायोटिक घ्यायचं नसतं. (गरोदरपण किंवा मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया तोंडावर असेल तर वेगळं.) प्रत्येक रिपोर्टवर गोळ्या खाल्ल्या की जंतू निगरगट्ट होतात आणि खरी वेळ येते तेव्हा औषध लागू पडत नाही. नुसता वास आला किंवा लघवी गढूळ दिसली तर आधी पाणी वाढवा आणि दिवसभर पाहा.

जळजळ आपल्याला कळत नाही, म्हणून लक्षणं वेगळी ओळखायची: ताप, थंडी, पायांच्या आकड्या अचानक वाढणं, एरवी नसलेली गळती, अंगात कणकण, विनाकारण घाम. यांपैकी काही असेल तर अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी कल्चरला लघवी द्या. डोस घेतल्यावर दिलेलं कल्चर फसवं निघू शकतं. कायमची नळी असेल तर जुन्या पिशवीतली लघवी देऊ नका. नळी बदलून नव्या नळीतून नमुना घ्यायला सांगा. ताप थंडी वाजून येत असेल, उलट्या होत असतील किंवा गुंगी येत असेल, तर घरी वाट पाहायची नाही.

वारंवार संसर्ग होत असेल तर आधी खडे, उरलेली लघवी आणि दाब तपासून घ्या. गोळ्या बदलत बसण्यात अर्थ नाही.

१०. टी-६ किंवा त्याच्या वर इजा असेल तर हे घरातल्या सगळ्यांना पाठ हवं

अचानक ठणकणारं डोकं, इजेच्या वर लाल झालेला चेहरा आणि घाम, अंगावर काटा, चोंदलेलं नाक, जिवाची घालमेल. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात आणि ही आणीबाणी आहे. इजेच्या खाली काहीतरी टोचतंय, ताणतंय, पण ते मेंदूला कळत नाही आणि रक्तदाब भडकतो. सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे तुंबलेलं मूत्राशय. मान आणि छातीच्या वरच्या भागात इजा असलेल्यांच्या रक्तदाबाचा वरचा आकडा एरवी ९० ते ११० च्या आसपास असतो. त्यामुळे १३० किंवा १४० दिसला तर ‘नॉर्मल आहे’ म्हणून सोडून देऊ नका. नेहमीपेक्षा २० ते ४० ने वाढ म्हणजे इशारा.

लगेच ताठ बसवा, पाय खाली सोडा. पट्टा, घट्ट कपडे, पायमोजे सैल करा. आत नळी असेल तर ती पिळवटली आहे का, पिशवी भरली आहे का, पाहा. नळी तुंबली असेल तर बदला. नळी नसेल तर भूल देणारी जेली लावून लगेच घाला. रक्तदाब दर दोन-तीन मिनिटांनी मोजा. मूत्राशय रिकामं होऊनही उतरला नाही तर पुढचा संशय आतड्यावर, मग त्वचेवर. पण कारण शोधत बसून वेळ घालवू नका, रुग्णालय गाठा. आडवं झोपवू नका. लैंगिक ताठरतेसाठीची सिल्डेनाफिलसारखी गोळी नुकतीच घेतली असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा, कारण मग रक्तदाब उतरवणारी काही औषधं धोक्याची ठरतात.

डिसरिफ्लेक्सिया म्हणजे काय, तुमचा नेहमीचा रक्तदाब किती आणि काय करायचं, एवढं लिहिलेलं कार्ड पाकिटात ठेवा. तातडीच्या विभागात प्रत्येकाला हे माहीत असेलच असं धरून चालू नका.

११. दर वर्षी काय करायचं

नीट चाललंय असं वाटत असलं तरी वर्षातून एकदा मूत्रपिंड-मूत्राशयाची सोनोग्राफी, रक्ततपासणी आणि युरोलॉजिस्टची भेट. दाब चढा असेल तर सोनोग्राफी सहा महिन्यांनी. रक्तातलं क्रिएटिनिन स्नायूंवर अवलंबून असतं आणि आपले स्नायू वाळलेले असतात. म्हणून मूत्रपिंडं बिघडू लागली तरी आकडा बरा दिसू शकतो. सिस्टॅटिन-सी ही स्नायूंवर तितकी अवलंबून नसलेली रक्ततपासणी करावी का, हे विचारा. युरोडायनॅमिक्स पुन्हा कधी करायचं ते तारखेसकट लिहून घ्या, आणि औषध बदललं, इंजेक्शनं दिली किंवा गळतीची रीत बदलली तर त्या तारखेची वाट पाहू नका.

भेटीला जाताना वहीची शेवटच्या तीन दिवसांची पानं न्या. ‘बरं आहे’ म्हटलं की डॉक्टर गोळ्या लिहून देतात. सकाळचं माप ७०० आहे असं दाखवलं की ते पेन खाली ठेवतात आणि पुढचे प्रश्न विचारू लागतात.